गाडीला विमा, घर रामभरोसे

नाकाबंदीत हवालदाराने हात दाखवला की तीन गोष्टी विचारल्या जातात: लायसन्स, पीयूसी आणि इन्शुरन्स. त्या हाताच्या धाकाने निदान चारचाकीचा विमा तरी आपण तारखेला भरतो. घराच्या बाबतीत असा हात दाखवणारं कुणी नाही. वीस-वीस वर्षं कर्जाचे हप्ते फेडून उभ्या केलेल्या घराला आग लागली, भूकंपात तडे गेले किंवा पुराचं पाणी माळ्यापर्यंत चढलं, तर पैसे कुठून आणायचे असं विचारलं, तर बहुतेक घरांत माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील.

विमा कोणत्या नुकसानीचा घ्यावा, याची कसोटी अवघड नाही. दोन पगारांत भरून निघणाऱ्या नुकसानीचा विमा नसला तरी संसार चालतो. जे भरून काढायला दागिने, शेत किंवा राहतं घर विकावं लागेल, त्याचा विमा आधी हवा. ही कसोटी लावली की आपला क्रम उलटा आहे हे लगेच दिसतं. शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, ‘झिरो डेप (घसारा न कापण्याचं जोडकलम) आहे ना?’ म्हणजे काळजी बंपरची. थर्ड पार्टीचा हप्ता हा सरकारने लादलेला भुर्दंड वाटतो आणि घराच्या विम्याचा तर विषयच निघत नाही. म्हणून इथे आधी रस्त्यावरचा तिसरा माणूस, मग आपली गाडी आणि मग घर, असं जाऊ.

तिसऱ्या माणसाचं देणं

वाहनविम्यात पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी आणि त्या गाडीमुळे ज्याचा जीव गेला, ज्याला इजा झाली किंवा ज्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तो तिसरा. या तिसऱ्यासाठी विमा काढण्याची सक्ती आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्याने आणली आणि १९४६पासून ती अमलात आली. आजच्या १९८८च्या कायद्यात हीच सक्ती कलम १४६मध्ये आहे. विम्याशिवाय गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दंड ४,०००. दुचाकीवाले मनातल्या मनात हिशेब करतात की हप्त्यापेक्षा दंड परवडला. पण भिण्यासारखा आकडा दंडाचा नाहीच. तो ठरतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात.

तो कसा ठरतो, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, तुमच्या दुचाकीची धडक बसून ३४ वर्षांचा एक रिक्षाचालक दगावला. सगळा खर्च जाऊन त्याच्या हातात महिन्याला ३०,००० रुपये पडत होते. घरात बायको, दोन मुलं आणि आई. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मोजण्याची रीत घालून दिली आहे. वर्षाचं उत्पन्न ३,६०,०००. माणूस जगला असता तर कमाई वाढलीच असती, म्हणून चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी त्यात ४० टक्के मिळवायचे: ५,०४,०००. अवलंबून असलेली माणसं चार, तेव्हा त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा: ३,७८,०००. ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६. गुणाकार झाला ६०,४८,००० रुपये. अंत्यविधीच्या आणि कुटुंबाने गमावलेल्या सहवासाच्या ठरावीक रकमा आणि दाव्याच्या तारखेपासूनचं व्याज वेगळं.

चूक दुचाकीस्वाराची ठरली आणि विमा असेल, तर ही रक्कम कंपनी देते, कारण मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत थर्ड पार्टी विम्याला रकमेची मर्यादाच नाही. विमा नसेल तर निकाल मालकाच्या नावावर लागतो आणि जप्ती त्याच्या घरावर येते. मालकाकडेही काही नसेल तर रिक्षाचालकाच्या बायकोच्या हाती निकालाचा कागद तेवढा राहतो. ६० लाखांचं हे देणं अंगावर घेणाऱ्या विम्याचा हप्ता किती? ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला १ जून २०२२पासून लागू झालेल्या दराने वर्षाला ७१४ रुपये आणि वर जीएसटी. १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. हे दर केंद्र सरकार विमा नियामक प्राधिकरणाशी म्हणजे आयआरडीएआयशी सल्लामसलत करून ठरवतं. त्यामुळे कोणत्याही कंपनीत गेलात तरी हा आकडा तोच असतो. ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे’ असं एजंट म्हणाला तर पुढचं फार मनावर घेऊ नका.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. सोय चांगली आहे, पण घोटाळाही तिथेच होतो. दुचाकीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तो संपल्याचा फोन आला की माणूस म्हणतो, ‘माझा पाच वर्षांचा आहे.’ आणि पाच वर्षं सरतात तेव्हा गाडी जुनी झालेली असते, शोरूमचा फोन येत नाही आणि विम्याची आठवण कुणालाच राहत नाही. विम्याविना फिरणाऱ्या वाहनांत दुचाकींचाच भरणा मोठा आहे, याचं एक कारण हे. गाडी भावाकडे गावी पाठवली असेल, तर पॉलिसीवरची तारीख आजच पाहा. शेतावर जाणारी जुनी मोटारसायकलही रस्त्यावरूनच जाते.

तिसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे: मोटारीच्या पॉलिसीत साडेसात लाख, दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख. हप्त्यात किरकोळ सूट घेऊन ही मर्यादा कायद्याच्या किमान ६,००० रुपयांवर आणण्याची मुभा असते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर पुढची गाडी कुणाची असेल सांगता येत नाही, त्या सवलतीच्या मोहात पडू नये.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्या मोटारीत बसलेली तुमची माणसं आणि दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती सहसा येत नाहीत. ज्याला गॅरेजवाले ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्या पॅकेज पॉलिसीत ती येतात. नियामकाने २००९च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये बाळकृष्णन प्रकरणात तसाच फरक केला. ‘गाडी जुनी झाली, आता थर्ड पार्टी पुरे’ असं ठरवताना आपण पत्र्याची किंमत मोजतो. सुट्टीत त्याच गाडीतून आख्खं कुटुंब गावी जातं, ते मोजायचं राहून जातं. स्वतः मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, पण त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच त्याचा उपयोग.

लायसन्सवरून आठवलं. दहावीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याला ‘जा, कोपऱ्यावरून दूध घेऊन ये’ म्हणून स्कूटरची किल्ली देणारे मामा आपल्याकडे घरोघरी आहेत. त्या पाच मिनिटांत अपघात झाला तर स्वरण सिंग निकालाच्या (२००४) वाटेने न्यायालय बहुधा कंपनीला सांगेल की आधी पीडिताला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे हप्ते नियमित भरूनही ६० लाख मामाच्याच खिशातून. वर २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

विकलेल्या गाडीचंही तसंच. टीटी फॉर्मवर सह्या केल्या, पैसे मोजून घेतले, गाडी एजंटाच्या ताब्यात दिली आणि आपण मोकळे झालो, असं वाटतं. नवीन कुमार प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तो मालक. गाडी चार हातांतून फिरली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. आरसीवर नवं नाव चढल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय जुनी गाडी विसरू नका.

पत्र्याचा हिशेब

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा नाही. इथे कंपन्यांमध्ये स्पर्धा आहे आणि घासाघीसही इथेच चालते. हप्ता ठरतो गाडीची किंमत, वय, इंजिनाची क्षमता आणि नोंदणीचं शहर यांवर. जुन्या दरपत्रकात शहरांचे दोन गट होते. पहिल्या गटात मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांच्या पंगतीला पुणेही बसलेलं आहे. त्या हिशेबाने साताऱ्याची गाडी पुण्याच्या गाडीपेक्षा थोडी स्वस्तात सुटते.

गाडीची किंमत म्हणजे पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर जास्तीत जास्त एवढेच पैसे मिळणार. ती काढतात गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील विक्री किमतीवरून, ऑन-रोड किमतीवरून नाही. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग दर वर्षाला दहा-दहा टक्के वाढत पाच वर्षांपर्यंत ५०. ‘तुम्हाला दोन हजारांनी कमी करून देतो’ म्हणणारा एजंट पुष्कळदा हीच आयडीव्ही उतरवत असतो. दोन कोटेशन शेजारी ठेवताना हप्त्याआधी आयडीव्ही पाहावी. ती सारखी नसेल तर तुलना करण्यात अर्थ नाही.

आता बंपर. साडेचार वर्षांची गाडी, दुभाजकावर घासली. गॅरेजचं बिल ४१,००० रुपये: बंपर १२,०००, बॉनेट १५,०००, रंगकाम ८,०००, मजुरी ६,०००. जीएसटी बाजूला ठेवू. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर सरसकट ५० टक्के घसारा, म्हणजे ६,००० तुमचे. बॉनेट पत्र्याचं, गाडी चार ते पाच वर्षांतली, घसारा ३५ टक्के: ५,२५०. रंगकामाच्या बिलात एक चतुर्थांश माल धरतात आणि मालावर निम्मा घसारा: १,०००. मजुरी पूर्ण मिळते. शेवटी दर क्लेमला मालकाने सोसायचे सक्तीचे १,००० (१,५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,०००). एकूण १३,२५० तुम्ही भरायचे आणि २७,७५० कंपनीने. ‘फुल इन्शुरन्स असून एवढे पैसे कसे?’ हा गॅरेजच्या काउंटरवर ऐकू येणारा वाद या चार वजाबाक्यांतून निघतो. झिरो डेप घेतलं असतं तर घसाऱ्याचे १२,२५० वाचले असते. नव्या गाडीला म्हणूनच ते घेण्यासारखं आहे. पण दर वर्षी क्लेमची संख्या मर्यादित असते आणि गाडी बरीच जुनी झाली की अनेक कंपन्या ते देत नाहीत किंवा फार महाग करतात.

हिशेब इथे संपला असं समजून माणसं पावती घेऊन घरी जातात. एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, ती राहतेच. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. एक क्लेम केला की पाटी कोरी. आपल्या उदाहरणातल्या मालकाला यंदा ४५ टक्के सूट होती, पुढच्या वर्षी ५० झाली असती. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० धरला आणि तो तसाच राहिला असं मानलं, तर ५,०००ऐवजी तो पुढच्या वर्षी १०,००० भरेल, मग ८,०००, ७,५००, ६,५००, ५,५००. पाच वर्षांत १२,५०० जास्त. २७,७५०च्या क्लेमला हे परवडतं, पण आरसा तुटला म्हणून ६,०००चा क्लेम करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. किरकोळ ओरखडे स्वतःच्या पैशाने दुरुस्त करावेत.

एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला ती लागते. उलट पॉलिसी संपून ९० दिवस गेले तर ती बुडते. शोरूममध्ये गाडीच्या रंगावर तासभर चर्चा करणाऱ्यांनी या पत्रासाठी पाच मिनिटं काढावीत, हा माझा आग्रह आहे.

पॉलिसीत काय येत नाही, त्याची यादी मोठी असते. पण भांडणं होतात ती मोजक्या गोष्टींवर. दारू पिऊन चालवणं, लायसन्स नसणं, खासगी नंबरची गाडी भाड्याने लावणं, आपोआप झालेला यांत्रिक बिघाड. आणि पावसाळ्यात पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. पुराने झालेलं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी मालकाने किल्ली फिरवून पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, पाणी सिलिंडरमध्ये खेचलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते, ‘हे पुराने केलं नाही, तुम्ही केलंत.’ इंजिनाचा खर्च लाखाच्या घरात जातो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं जोडकलम वेगळं मिळतं. हिंदमाता, किंग्ज सर्कल किंवा कोल्हापूरच्या पूररेषेत रोजचं जाणं-येणं असेल तर बंपरच्या आधी याचा विचार करावा. आणि कलम असो-नसो, पाण्यात बंद पडलेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही; ढकलून बाहेर काढायची, फोटो काढायचे आणि टोइंगवाल्याला बोलवायचं.

चोरीत वेळ महत्त्वाची. एफआयआर लगेच, कंपनीला कळवणंही लगेच. पुढे गाडी सापडली नाही की पोलिसांची ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा शेरा, कंपनी मागते. एफआयआर वेळेत असेल आणि कंपनीला कळवायला मात्र उशीर झाला असेल, तर निव्वळ तेवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात म्हटलं आहे. किल्ल्या दोन्ही जपून ठेवा, दोन्ही मागतात.

भिंती आणि भांडीकुंडी

महाराष्ट्राला आपत्तींची ओळख करून द्यायची गरज नाही. १२ जुलै १९६१चं पानशेत, ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट, २०१९चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ, २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीने बुडवलेलं चिपळूण. प्रत्येक वेळी तलाठी पंचनामा करतो आणि सरकार मदत जाहीर करतं. २०२१च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घराला राज्य सरकारने दीड लाख रुपये जाहीर केले. मदत म्हणून ते योग्यच आहे, पण दीड लाखात आज दोन खोल्यांचं जोतंही नीट उभं राहत नाही.

घराचा विमा महाग असेल म्हणून लोक घेत नाहीत, असं मानायचं कारण नाही. लोक त्याची किंमत विचारतच नाहीत. वीस लाखांच्या पक्क्या घराचा वर्षाचा हप्ता बहुतेक ठिकाणी हजार-दीड हजाराच्या आत बसतो, म्हणजे हॅचबॅक मोटारीच्या थर्ड पार्टीपेक्षाही कमी. एवढं स्वस्त असण्याचं कारण असं की गाड्या रोज ठोकल्या जातात, घरं क्वचित पडतात. पडतात तेव्हा मात्र माणूस आयुष्यभर मागे जातो. विमा काढण्यासारखं नुकसान म्हणतात ते हेच.

दुसरी अडचण आकड्याची. पुण्यातला ६०० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट साठ लाखांचा, मग विमा साठ लाखांचा का? नाही. त्या साठ लाखांत जमिनीची आणि जागेच्या मोक्याची किंमत आहे. ती आगीत जळत नाही. विमा काढायचा तो पुन्हा बांधायच्या खर्चाचा. चौरस फुटाला २,५०० रुपये बांधकाम खर्च धरला तर १५ लाख. उलट गावाकडे जमीन स्वस्त आणि बंगला मोठा, तिथे बांधकामाचा आकडा बाजारभावाच्या जवळ जातो, क्वचित पुढेही.

१ एप्रिल २०२१पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी विकणं नियामकाने बंधनकारक केलं. तिच्या अटी सगळीकडे सारख्या, हप्ता तेवढा वेगळा. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणं, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी फुटणं, बाहेरची गाडी भिंतीवर आदळणं, हे सगळं तिच्यात मुळातच आहे. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. यादी द्यावी लागत नाही. वरच्या फ्लॅटला ते तीन लाखांचं झालं. घर राहण्याजोगं राहिलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याचीही तरतूद आहे. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते.

या पॉलिसीतली माझ्या मते सगळ्यात मोलाची तरतूद जाहिरातीत फारशी दिसत नाही. पूर्वीच्या आगविम्यात सरासरीचं कलम असे. ४० लाखांचं घर २० लाखांना दाखवलं आणि ४ लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी म्हणे, ‘तुम्ही निम्माच विमा काढलात, निम्मेच पैसे घ्या.’ हातात २ लाख. हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहिणाऱ्यांना हे कळे ते जळून गेल्यावर. गृह रक्षेत हे कलम काढून टाकलं आहे. क्षेत्रफळ खरं दिलं असेल तर आकडा थोडा चुकला म्हणून भरपाईत अशी कात्री लागत नाही. दुकानाला किंवा गोदामाला ही पॉलिसी लागू नाही. खाली दुकान आणि वर घर असलेल्या बाजारपेठेत दोन्हींचा वेगळा विचार करावा लागतो.

आता हिच्यात काय नाही. साधी घरफोडी नाही. वरच्यांपैकी एखादी आपत्ती आली आणि त्यानंतर सात दिवसांत चोरी झाली तरच ती धरली जाते. पूर ओसरताना उघड्या घरात शिरणाऱ्यांचा विचार करून ही तरतूद केलेली दिसते. लग्नाला गावी गेलेल्यांचं कुलूप फुटलं, तर त्यासाठी वेगळा घरफोडी विमा लागतो. दागिने आपोआप मिळणाऱ्या सामानात येत नाहीत, त्यांचं कलम वेगळं घ्यायचं. वाळवी, भिंतीतली ओल, गच्चीची गळती, शेजाऱ्याच्या बाथरूममधून झिरपणारं पाणी, यांपैकी काहीही नाही. हळूहळू होणारी झीज ही देखभालीची बाब आहे. व्होल्टेज वाढून फ्रिज गेला तर तोही मूळ पॉलिसीत येत नाही.

गृहकर्ज घेतलेल्यांचा एक गैरसमज इथे दूर करायला हवा. ‘बँकेने कर्जासोबत विमा केला आहे’ असं पुष्कळ जण सांगतात. कागद उघडून पाहिला तर तो बऱ्याच वेळा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो: तो गेला तर कर्ज फिटतं. घर पडलं तर त्या कागदाचा काहीच उपयोग नाही. आणि खरोखर घराचा विमा असेल तरी त्यात बँकेचं नाव असतं, पैसे आधी बँकेकडे जातात. दोन्ही कागद वेगवेगळे आहेत का, एवढं तरी तपासा.

फ्लॅटवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: सोसायटीचा विमा आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा आग आणि भूकंप यांपासून विमा उतरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे, हे खरं. पण किती सभासदांनी ती पॉलिसी पाहिली आहे? रक्कम बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांपूर्वी बिल्डरने दिलेल्या किमतीवर अडकलेली असते, पुराचा उल्लेख आहे का ते कुणी वाचलेलं नसतं, आणि तुमच्या घरातलं सामान तिच्यात नसतंच. येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणाआधी सेक्रेटरींना पॉलिसीची प्रत मागा आणि तीन गोष्टी बघा: विम्याची रक्कम, कोणकोणती संकटं धरली आहेत आणि मुदत कधी संपते. भाडेकरूंनी इमारतीची चिंता करायची नाही. त्यांना फक्त सामानाचा विमा स्वतंत्रपणे काढता येतो आणि तो आणखी स्वस्त पडतो.

घराचं नुकसान झालं की सर्व्हेअर येईपर्यंत ढिगारा उपसू नका, असं कंपन्या सांगतात. चिखलाने भरलेल्या घरात हे जमत नाही, हे त्यांनाही माहीत असतं. मग निदान प्रत्येक खोलीचे आणि प्रत्येक वस्तूचे फोटो काढून मगच साफसफाई करा. त्याहून सोपं म्हणजे आजच मोबाईलवर घराचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून तो घराबाहेर कुणाकडे तरी पाठवून ठेवणं. पुरात बिलं वाहून जातात.

एवढं करूनही कंपनीने क्लेम नाकारला किंवा निम्म्यावर आणला, तर कोर्टाची पायरी चढायच्या आधी एक दार आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. राज्यात त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी लागत नाही आणि वकील करायची गरज नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीला पाळावाच लागतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. मुदत एकच लक्षात ठेवायची: लोकपालाकडचा अर्ज कंपनीच्या नकाराच्या पत्रापासून एका वर्षाच्या आत पोहोचला पाहिजे.